सु.बे.अ. की खुली नोंदणी: ठेकेदारीत उतरणाऱ्यांसाठी

निकाल लागले की डिप्लोमा सिव्हिल झालेली चार-दोन मुलं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात माझ्या सायटीवर येतात. प्रश्न एकच असतो: सरकारी कामं घेण्यासाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंता (सु.बे.अ.) म्हणून नोंदणी करू, की खुल्या वर्गात, म्हणजे टेंडर भरून सगळ्यांशी स्पर्धा करणाऱ्या ठेकेदारांत? मी आधी पहिली केली, मग दुसरी. दोन्हींचे कागद माझ्याकडे आहेत, म्हणून सांगतो.

ज्यांना फक्त खासगी बंगले बांधायचेत त्यांनी यात पडायचं कारण नाही. त्या कामासाठी ठेकेदाराला राज्याची अशी वेगळी नोंदणी लागत नाही. जीएसटी आणि कामगारांचे कायदे मात्र तिथेही चुकत नाहीत. वायरिंगच्या कामाला विद्युत ठेकेदाराचा परवाना निराळा असतो, त्याची यात गल्लत करू नका.

लहान सरकारी कामांची वाटणी सगळ्यांना तोंडपाठ आहे: ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. मजूर संस्थेत स्वतः सभासद म्हणून राबणार असाल तर तो रस्ता चांगला आहे. पण संस्थेच्या नावावर काम घेऊन बाहेरच्याने ते करायचं, हे नियमातही बसत नाही आणि कामाचा दाखलाही तुमच्या नावावर येत नाही. दाखला नाही म्हणजे ठेकेदाराचा पुढचा, मोठ्या कामांचा वर्ग नाही. त्यामुळे ती वाट मी बाजूलाच ठेवतो.

आता सु.बे.अ.बद्दल. या नोंदणीने मला उभं केलं, हे आधी कबूल करतो. घरचं भांडवल नव्हतं. काम सोडतीने मिळतं आणि दर इस्टिमेटचाच असतो. कुणी इस्टिमेटपेक्षा वीस टक्के खाली, म्हणजे बिलो गेला म्हणून तुमचं काम जात नाही. एमबी (मोजमापाची वही) कशी लिहितात, शाखा अभियंत्यासमोर मोजमाप कसं द्यायचं, खडी-वाळूवरच्या सरकारी रॉयल्टीच्या पावत्या वेळेत दिल्या नाहीत तर बिलातून कशा वळत्या होतात, हे सगळं मी त्या चार वर्षांत लहान रकमांवर शिकलो. चूक झाली तरी ती पेलण्याएवढीच असायची.

पण सोडतीत चिठ्ठी निघते ती कामाची. ते काम कुठं आहे, हे तुमच्या हातात राहत नाही. माझ्या बाबतीत सगळं इथंच अडलं.

तिसऱ्या वर्षी मला पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात एक संरक्षक भिंत लागली. इस्टिमेट सहा लाखांच्या आसपास होतं. माझा मिक्सर, सेंटरिंगच्या प्लेटा, गवंडी सगळे कोरेगावात, आणि जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर अंतर. इस्टिमेटमध्ये खडी-वाळूच्या वाहतुकीचा लीड, म्हणजे अंतराचा खर्च धरलेला असतो. गवंड्यांच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च, मिक्सर नेणारा टेम्पो, दर दोन दिवसांनी माझी फेरी, हे कुठल्याच आयटममध्ये नसतं. कार्यारंभ आदेश मार्चअखेरीस हातात आला. एप्रिलमध्ये खोदाई झाली, मे महिन्यात गावच्या जत्रेला आणि लग्नांना गेलेले गवंडी परत तिकडे यायला तयार होईनात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस आला. त्या खोऱ्यातला पाऊस कोरेगावच्या पावसासारखा थांबून थांबून पडत नाही. उतारावरचा कच्चा रस्ता गेला, मिक्सर तिथंच अडकला, सिमेंटच्या काही गोण्या ताडपत्रीखाली असूनही दगड झाल्या. मुदतवाढीचा अर्ज केला आणि भिंत दिवाळीनंतर पुरी केली. भिंत चांगली उभी आहे, त्याचं समाधान आहे. पण त्या कामात मला ४५ हजार घरचे घालावे लागले, आणि ते कामात काही चुकलं म्हणून नव्हे, अंतरामुळे.

एकदाच झालं असतं तर मी विसरलो असतो. पुढच्या दोन सोडतींत पुन्हा लांबचीच कामं आली. तेव्हा खुल्या नोंदणीचा अर्ज भरला.

खुल्या वर्गात पहिला धक्का पैशाचा बसतो. ऐपतीचा दाखला, डिजिटल सही, प्रत्येक टेंडरला ईएमडी (बयाणा रक्कम), काम लागलं की सुरक्षा अनामत, आणि ती दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातली खोट ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत अडकून. स्पर्धाही खरीच आहे. इस्टिमेटच्या फार खाली दर भरला तर वाढीव अनामत भरावी लागते, तरीही लोक खाली जातात. मी पहिल्या वर्षी अकरा टेंडरं भरली आणि दोनच लागली. ज्यांच्यामागे घरचा किंवा बँकेचा आधार नाही, त्यांना हे वर्ष जड जाईल, हे लपवत नाही.

बिल थकण्याच्या बाबतीत मला दोन्हींत फरक जाणवला नाही. निधी आला की पैसे येतात. एक टक्का आयकर, अडीच लाखांवरच्या कामाला दोन टक्के जीएसटीचा टीडीएस, एक टक्का कामगार उपकर, ही कपात दोन्हीकडे सारखीच.

मग खुल्या वर्गात मिळालं काय? कुठल्या गावचं काम भरायचं, ते मी ठरवतो. कोरेगाव आणि खटाव सोडून मी सहसा टेंडर भरत नाही. खडीचा क्रशर ओळखीचा, पाण्याचा टँकर फोनवर येतो, पाऊस कधी लागतो ते ठाऊक. त्यामुळे मी सात-आठ टक्के बिलो गेलो तरी इस्टिमेटच्या दरातल्या त्या पाटणच्या भिंतीपेक्षा हातात जास्त राहतं. हा माझा हिशेब. तुमचं गाव, तुमची माणसं वेगळी असतील.

अगदीच हात रिकामा असेल तर सु.बे.अ. घ्या, दोन-तीन वर्षं काढा, आणि प्रत्येक कामाचा पूर्णत्वाचा दाखला त्याच महिन्यात हातात घ्या. अधिकाऱ्याची बदली झाल्यावर जुन्या कामाच्या दाखल्यासाठी मला सात महिने खेटे घालावे लागलेत. खुल्या नोंदणीत वर्ग ठरताना हेच दाखले कामी येतात. पण दोन-तीन लाख वर्षभर अडकवून ठेवता येणार असतील, तर मी तरी आज पहिल्या दिवसापासून खुल्यातच गेलो असतो, भले खालच्या वर्गात.

सध्या पुसेगावच्या बाजूला एका शाळाखोलीचं काम चालू आहे. गवंडी रात्री आपापल्या घरी जेवायला जातात.