दुधाळ ऑइल आणि 2009 ची स्प्लेंडर: आठ महिन्यांनंतर

गाडी 2009 ची स्प्लेंडर, 97.2 सीसी, गेल्या उन्हाळ्यात सेकंडहँड घेतलेली. आमचं गाव आर्वी तालुक्यात. घर ते वावर दीड किलोमीटर, तेही काळ्या मातीच्या पांदणीनं. ॲव्हरेज, उचल, सीट, सगळं चांगलं आहे, त्यावर फार लिहीत नाही. लिहायचं आहे ते ऑइलबद्दल, कारण त्या एका गोष्टीपायी मी इंजिन खोलायला निघालो होतो.

दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुऊन आणली. मग सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. दिवसातून सहा-सात चकरा, सगळ्या दीड किलोमीटरच्या. एका सकाळी ऑइलची काडी काढली तर ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं! गावातल्या मेकॅनिकनं काडी पाहिली आणि लगेच निकाल दिला, "भाऊ, हेड गॅस्केट गेली. इंजिन खोलावंच लागन." म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील. खर्च साडेचार हजार.

घरी येऊन इंजिनाकडे पाहत बसलो. हे इंजिन हवेवर थंड होतं. रेडिएटर नाही, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) नाही, हेडभोवती पाण्याची वाटच नाही. कारमध्ये गॅस्केट गेली की कूलंट ऑइलमध्ये उतरतं, हे खरं. इथं आतून उतरायला पाणी आहेच कुठे? म्हणजे ते बाहेरून शिरलं, नाहीतर आतल्या हवेतली वाफ गार होऊन साचली.

दोन्हींची ओळख वेगळी असते. नुसत्या झाकणाला आणि काडीच्या वरच्या भागाला पिवळसर फेस, पण खाली ऑइल स्वच्छ असेल, तर ती बहुतेक वाफ. इंजिन नीट तापेपर्यंत चाललं की उडून जाते. माझ्याकडे मात्र अख्खं ऑइलच दुधाळ होतं. खात्रीसाठी अंगणात जुन्या चमच्यात दोन थेंब घेऊन खालून तापवले, तोंड लांब ठेवून. तडतड झाली. ऑइलमध्ये पाणी नसेल तर ते असं तडतडत नाही.

रात्रभर गाडी डबल स्टँडवर उभी ठेवली आणि सकाळी, इंजिन सुरू न करता, ड्रेन नट हळूहळू सैल केला. आधी दोन-तीन चमचे पाणी आलं, मग ते चहाच्या रंगाचं ऑइल. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यात फिरवून पाहिलं. बारीक राखाडी लेप लागला, धातूचे चकाकणारे कण किंवा किसासारखे तुकडे नव्हते. तसं काही सापडलं असतं तर मी स्वतःच इंजिन खोलायला सांगितलं असतं.

आता पाणी शिरलं कुठून? काडीच्या झाकणाखालचं रबरी रिंग वाळून चपटं झालेलं. आणि इंजिनाच्या श्वासाच्या नळीचं (ब्रीदरचं) बूच काढलं तर आत पाणी नि चिकट गाळ साचलेला. इंजिनातली वाफ बाहेर पडायला वाटच मोकळी नव्हती. रिंग बदललं, नळी साफ केली. नवं 10डब्ल्यू-30 ऑइल टाकलं, पुलगावला जाऊन आलो, गरम असतानाच ते काढून टाकलं आणि परत नवं भरलं. दोन्ही वेळचं ऑइल आणि रिंग मिळून हजाराच्या आत काम झालं. डिझेलनं धुवायचा सल्लाही मिळाला होता, तो मी ऐकला नाही. आत राहिलेलं डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं.

शेजारचे काकाजी म्हणाले, "ट्रॅक्टरचं ऑइल उरलं हाय, तेच टाक ना बाप्पा." प्रेमानं म्हणाले, पण या गाडीत क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर क्लच घसरू शकतो.

काडी बघण्याचीही माझी पद्धत चुकत होती. गाडी डबल स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालू, मग दोन-तीन मिनिटं बंद. काडी पुसून परत घालायची, पण आटे न फिरवता. मी आटे फिरवून बघायचो, त्यामुळे पातळी आहे त्याहून जास्त दिसायची. पातळी आपोआप वाढत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र कार्बोरेटर तपासायला न्या. ते दुखणं वेगळं.

आठ महिने झाले. आठवड्यातून एकदा पुलगावपर्यंत, पस्तीसेक किलोमीटर, एका दमात नेतो, म्हणजे इंजिन पुरतं तापतं. धुतो बादली आणि फडक्यानं. हिवाळ्यात झाकणाला दोनदा थोडा फेस दिसला, दोन्ही वेळा पुलगावच्या चकरेनंतर गेला. वापरात ऑइल काळं पडतं, त्याची मला धास्ती नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, फक्त मी 2,000 किलोमीटरला बदलतो. मागच्या रविवारी बदललं तेव्हा नळीतून थेंबभर पाणी निघालं आणि ऑइल काळंभोर होतं. आता पाऊस लागला, की पांदणीतून नाल्याचं पाणी वाहील. म्हणून नळीचं बूच दर पंधरा दिवसांनी उघडणार आहे.