क्लॅम्प मीटर : घरात काही महिने वापरल्यानंतर

क्लॅम्प मीटर म्हणजे वायर न तोडता, तिच्याभोवती उघडझाप होणारा जबडा लावून करंट मोजणारं मीटर. माझं दोन हजारांच्या आतलं, ६०० व्होल्टपर्यंतचं साधं आहे. कंपनीचं नाव देत नाही, या किमतीत सगळी साधारण एकाच माळेचे मणी. हे वॅट दाखवत नाही. व्होल्टेज दाखवतं आणि करंट दाखवतं. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट, व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे ओहम. शाळेत सगळ्यांनी केलेलं गणित. ते कुठे बरोबर येतं आणि कुठे दिशाभूल करतं, हे मात्र मीटर हातात आल्यावरच कळतं.

सुरुवातीलाच सांगतो, अख्खी केबल जबड्यात धरली तर शून्य दिसेल. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना खोडतात. फक्त एक वायर धरावी लागते. मी वायरमनकडून एक छोटी एक्स्टेन्शन करून घेतली आहे, तिच्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तिन्ही इन्सुलेटेड वायरी सुट्या ठेवल्या आहेत. नऊ वॅटच्या एलईडीसारखा अगदी बारीक करंट हे मीटर नीट पकडत नाही. तिथे फेजच्या वायरीचे जबड्यातून दहा वेढे घ्यायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचं.

गिझरवर गणित चोख बसतं. आमच्याकडचा २००० वॅटचा आहे, २३० व्होल्टला. म्हणजे करंट ८.७ अँपिअर आणि रोध साडेसव्वीस ओहमच्या जरा आत. मेन स्विच बंद करून, वायरी सोडवून कॉइल ओहमवर मोजली तरी जवळपास तेवढीच भरते. दशांशातला फरक बराचसा मीटरच्या पिनांचा. (चालू लाइनवर ओहमची रेंज कधीही लावू नका.) आता गंमत बघा. आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १९५ वर येतं. कॉइलचा रोध तोच राहतो, म्हणून करंट ७.४ होतो आणि पॉवर १४४० वॅटच्या आसपास. व्होल्टेज १५ टक्के घटलं, पॉवर मात्र २८ टक्के, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला १६ मिनिटांऐवजी २२ लागतात. युनिट मात्र दोन्ही वेळा अर्ध्याच्या जरा वरच. "लाइट कमी असली की गिझर जास्त बिल खातो" हे शेजारचे काका आजही ठासून सांगतात. मी आता वाद घालत नाही, आकडे दाखवतो.

पिवळ्या बल्बचं तसं नाही. ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज भागिले करंट केलं तर ८८० ओहम येतात. तोच थंड करून ओहमवर मोजा, सत्तरच्या आत भरतो. तारेचा रोध तापल्यावर एवढा वाढतो. म्हणून बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच उडतो, त्या क्षणी करंट कितीतरी पट असतो.

माझे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते एक्स्टेन्शन बोर्डामुळे. पंधरा मीटरची बारीक केबल, तिच्यावर १५०० वॅटचा हीटर. हीटर चालू असताना भिंतीच्या सॉकेटवर २२६ व्होल्ट, केबलच्या टोकाला २१९. करंट ६.२. मधले सात व्होल्ट केबलने खाल्ले. सात भागिले ६.२, म्हणजे केबल आणि पिनांचा मिळून रोध सव्वा ओहमच्या आत. आणि सात गुणिले ६.२ म्हणजे ४३ वॅट. एवढी उष्णता केबलमध्येच जिरते. केबल सरळ पसरलेली असेल तर जाणवतही नाही. गुंडाळलेल्या रिळावर हीच वापरली तर आतले वेढे चांगलेच तापतात. जाड केबल आणून ती बारीक केबल चार्जरपुरती ठेवली.

मोटारीवर आलं की हा गुणाकार विसरायचा. आमचा एक एचपीचा पंप २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेतो. गुणाकार १४९५, पण हे वॅट नव्हेत. करंट व्होल्टेजच्या मागून चालतो, त्यामुळे खरी पॉवर कमी असते. खरी पॉवर भागिले हा गुणाकार म्हणजे पॉवर फॅक्टर, आणि तो हे मीटर सांगत नाही. मग मी घरातल्या लाइटच्या मीटरचा आधार घेतला. त्यावर ३२०० पल्स म्हणजे एक युनिट असं छापलेलं आहे. बाकी सगळं बंद करून फक्त पंप चालू ठेवला, तर लाल दिवा मिनिटाला ५८ वेळा लुकलुकतो. हिशोब केला की १०९० वॅटच्या आसपास येतात, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.७३. भागाकाराचंही तेच: मोटारीचे २३० भागिले साडेसहा म्हणजे वाइंडिंगचा रोध नव्हे. पंप बंद करून वाइंडिंग मोजलं तर त्याहून बरंच कमी येतं. आणखी एक उलटा प्रकार म्हणजे व्होल्टेज पडलं की गिझरचा करंट कमी होतो, लोडवरच्या पंपाचा मात्र वाढतो. कमी व्होल्टेजला पंप जळतात ते यामुळे.

तक्रारी किरकोळ आहेत. डिस्प्लेचा दिवा फार लवकर विझतो, आणि बोर्डाखाली वाकून मोजताना नेमका तेव्हाच. मोठी मर्यादा म्हणजे जबड्यातून फक्त एसी करंट मोजता येतो. सोलर पॅनेल किंवा बॅटरीसाठी डीसी क्लॅम्पवालंच घ्यावं लागेल, ते महाग. हे मीटर ट्रू आरएमएसही नाही, म्हणजे करंटची लहर वेडीवाकडी असेल तर खरा आकडा दाखवत नाही. गिझर-इस्त्रीला त्याने फारसं बिघडत नाही, पण एलईडी आणि जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आकडे चुकतात. आत्ता घ्यायचं असतं तर चारशे-पाचशे जास्त घालून ट्रू आरएमएसवालं घेतलं असतं. आणि मेन बोर्डावर वापरणार असाल तर मीटरवर कॅट थ्री (मेन बोर्डासारख्या जागेसाठीचा सुरक्षेचा दर्जा) छापलंय का, ते दुकानातच बघून घ्या.