व्हिगाबॅट्रिन घेणाऱ्या भावाची फील्ड टेस्ट: सोलापुरातील एका नेत्रकेंद्राचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून आकडीचा त्रास आहे. दोन औषधे देऊनही फिट आटोक्यात येईनात, तेव्हा गेल्या वर्षी त्याला व्हिगाबॅट्रिन सुरू झाले. गोळी सुरू करताना आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी डोळे तपासून घ्या, असे मेंदूविकारतज्ज्ञांनी बजावले होते. आम्ही पहिल्यांदा गेलो ते एका चष्म्याच्या दुकानात. भावाने तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली, दोन्ही डोळ्यांना ६/६ असा शेरा मिळाला आणि आम्ही निश्चिंत होऊन घरी आलो. या औषधाच्या बाबतीत त्या शेऱ्याला काहीच अर्थ नव्हता, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समजावल्यावर कळले.

व्हिगाबॅट्रिनमुळे दृष्टिपटलाला इजा झाली तर नजर कडेकडून, बहुधा नाकाच्या बाजूने, दोन्ही डोळ्यांत आकसू लागते. मधली नजर बराच काळ शाबूत राहत असल्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि कडेचे दिसेनासे झाल्याचे त्याच्या लक्षातही येत नाही. औषधाच्या माहितीपत्रकात अशी हानी होणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्के किंवा त्याहून अधिक दिले आहे. काहींना हा त्रास थोड्या आठवड्यांत होतो, काहींना वर्षांनी, आणि गेलेली नजर औषध बंद केले तरी परत येत नाही. हे औषध ब्रिटनमध्ये १९८९ साली आले, दृष्टिक्षेत्राच्या, म्हणजे कडेपर्यंत दिसणाऱ्या भागाच्या, हानीची नोंद मात्र १९९७ मध्ये झाली. अमेरिकेने २००९ मध्ये परवानगी दिली तीही डोळ्यांच्या नियमित तपासणीची अट घालूनच. माझा भाऊ अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तेथे गठ्ठ्यांच्या दोन रांगांमधून हातगाडी नेमकी बाजूने येते, त्यामुळे कडेच्या नजरेची काळजी आमच्यासाठी रोजची आहे.

आता सोलापुरातील ज्या नेत्रकेंद्रात आम्ही नंतर गेलो, त्याविषयी. औषधाचे नाव सांगताच तेथील ताईंनी विचारले, की काचबिंदूसाठी करतात तेवढीच तपासणी हवी आहे की कडेपर्यंतची. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण काचबिंदूसाठी फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचे कुठवर दिसते याची तपासणी, सहसा नजरेच्या मधल्या २४ अंशांचीच होते आणि या औषधाची हानी त्याच्या बाहेर सुरू होऊ शकते. भावाच्या त्यांनी ३० अंशांची आणि मग ६० अंशांपर्यंतची, अशा दोन तपासण्या केल्या. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचे आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचे, असे याचे स्वरूप असते. भाऊ सुरुवातीला दिवा शोधायला डोळे फिरवू लागला. त्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, “दादा, दिवा शोधू नका, समोरच बघा. दिसला नाही तर नाही, त्यात तुमची चूक नाही.” उजव्या डोळ्याच्या वेळी तो पेंगुळला आणि नजर ढळल्याच्या चुका यंत्रात वाढल्या, तेव्हा त्यांनी ती तपासणी रद्द केली, त्याला पंधरा मिनिटे बाहेर बसवले आणि पुन्हा पहिल्यापासून घेतली, जादा पैसे न मागता. बाहुली मोठी करणारे थेंबही फील्ड टेस्ट झाल्यावरच घातले. या क्रमाची काळजी सर्वत्र घेतली जातेच असे नाही.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. अकराची वेळ दिली होती, आत घेतले साडेबाराला; एप्रिलच्या उन्हातून आलेला, सकाळची गोळी घेतलेला रुग्ण तोवर थकतोच आणि थकलेल्या माणसाची फील्ड टेस्ट भरवशाची येत नाही. फिटच्या रुग्णांना सकाळची पहिली वेळ द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय अहवालावर औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली नव्हती. ती मी मागून लिहून घेतली. शुल्क मात्र फोनवर सांगितले होते तेवढेच घेतले आणि पावतीही दिली.

घरात कोणी टोपिरामेट हे फिटचे दुसरे औषध घेत असेल तर त्याचा धोका वेगळ्या प्रकारचा असतो. साधारण पहिल्या महिन्याभरात अचानक डोळा दुखू लागला किंवा धूसर दिसू लागले, तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा आणि औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही लगेच कळवावे. कोणतेही फिटचे औषध घाबरून आपल्या मनाने बंद करू नये, कारण त्याने फिट एकामागून एक येऊ शकतात.

भावाच्या दोन्ही डोळ्यांची कडेची नजर सध्या ठीक आहे. केंद्राने हे निकाल फाइलमध्ये ठेवले असून पुढचे निकाल त्यांच्याशेजारी ठेवून पाहणार आहेत. जुलैची वेळ मी आत्ताच घेतली आहे, सकाळी नऊची.