हाताला काम देणारे खेळ

व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट बांधून आणि हातांत कंट्रोलर धरून खेळायचा, नवा खेळ घ्यायचा म्हटलं की त्याची चित्रं किती देखणी आहेत हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते ते एवढंच, की त्या खेळात माझ्या हातांना काय काम आहे. हात नुसते बटण दाबायला असतील तर तो खेळ टेबलावरच्या मॉनिटरवर जास्त चांगला खेळता येतो. त्यासाठी अर्धा किलोचं यंत्र तोंडावर बांधून घाम गाळायची गरज नाही. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज ही मापं घ्यायची साधनं हाताळते. जॉब, म्हणजे तपासायचा भाग, उचलला की आकडा वाचायच्या आधीच बोटांना कळतं की काहीतरी बिनसलंय. त्या सवयीमुळे असेल, खेळातही माझं लक्ष आधी हातांकडे जातं.

या कसोटीवर आजवर सगळ्यात खरा उतरलेला खेळ म्हणजे ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’. व्हॉल्व्ह कंपनीने तो मार्च २०२० मध्ये आणला, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात. मी तो बराच नंतर खेळले, पण अजून त्याच्या जवळपास जाणारं काही मला सापडलेलं नाही. सुरुवातीलाच एका खोलीत मार्कर पडलेले असतात आणि समोर काच. गोष्ट पुढे नेण्याशी त्यांचा काही संबंध नाही. मी मार्कर उचलला आणि काचेवर देवनागरीत माझं नाव लिहिलं. वेलांटी नीट आली, शिरोरेषा सरळ आली. ज्यांनी हा खेळ बांधला त्यांनी कुणाचंही अक्षर उमटावं इतकी काळजी घेतली आहे, हे त्याच मिनिटाला कळलं.

पुढे हातमोजे मिळतात. लांबच्या वस्तूवर हात रोखायचा, मूठ आवळायची, मनगट आपल्याकडे झटकायचं, आणि उडत येणारी वस्तू हवेत झेलायची. झेल सुटला तर ती खाली पडते, पुन्हा उचला. पिस्तूल भरायचं तर रिकामं मॅगझिन पाडायचं, खांद्यावरून हात मागे नेऊन पाठीवरच्या पिशवीतून नवं काढायचं, खालून बसवायचं, वरची स्लाइड ओढायची. शांतपणे केलं तर दोन सेकंदांचं काम. पण समोरून डोक्याला चिकटणारा प्राणी उडी मारत असेल तर मॅगझिन हातातून निसटतं. मॉनिटरवर ‘आर’ दाबला की बंदूक भरते, तिथे ही धांदल उडायचा प्रश्नच नाही.

सातव्या प्रकरणात जेफ नावाचा एक आंधळा राक्षस आहे. दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. जागा दारूच्या भट्टीची, जिकडेतिकडे काचेच्या बाटल्या. त्याच्या आसपासच्या बुरशीने अ‍ॅलिक्सला, म्हणजे आपण जिच्या जागी खेळतो तिला, खोकला येतो, म्हणून तोंडावर हात धरावा लागतो, खरा हात, हेडसेटच्या खाली ओठांपाशी नेऊन. आता एक हात तोंडावर, दुसऱ्याने कपाट उघडायचं, आणि दाराला टेकून ठेवलेली बाटली घरंगळायला लागते. ती झेलायची कशाने? भीतीचे खेळ मी पुष्कळ खेळले आहेत. त्यात अंधार असतो, किंकाळ्या असतात. इथे भीती आहे ती हात कमी पडण्याची. एवढं नेमकं रचलेलं प्रकरण मला दुसऱ्या कुठल्याच खेळात भेटलेलं नाही.

अडचण एकच. हा खेळ हेडसेटवर एकटा चालत नाही, त्याला कॉम्प्युटर लागतो. निदान जीटीएक्स १०६० दर्जाचं सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि बारा जीबी रॅम, असं कंपनीच सांगते. ते घरात असेल तर दुसरा विचार करू नका.

‘बीट सेबर’ बहुतेकांना माहीत आहे, म्हणून ओळख एका ओळीत: गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे दोन्ही हातांतल्या तलवारींनी कापायचे. प्रागच्या बीट गेम्सने तो २०१८ मध्ये आणला, आणि पुढच्याच वर्षी फेसबुकने अख्खी कंपनी विकत घेतली. लोक त्याला नाचाचा खेळ म्हणतात. मला तो मोजमापाचा खेळ वाटतो. एका ठोकळ्याचे जास्तीत जास्त ११५ गुण: कापण्याआधी हात पुरेसा फिरवला तर ७०, कापल्यावर फिरत नेला तर ३०, आणि घाव बरोबर मधोमध बसला तर उरलेले १५. आधी शंभर अंश, नंतर साठ अंश फिरवलं की पूर्ण गुण. मी नेमकेपणाच्या मागे लागते आणि हात आखडता घेते, म्हणून १५ मिळतात आणि ७० मधले कापले जातात. माझा भाचा ढोलपथकात आहे. त्याचं बरोबर उलटं. “आत्या, खांदा मोकळा सोड गं, टिपरू मारतात तसं,” म्हणून तो मला शिकवत होता. साध्या पातळीवर त्याचे गुण माझ्या वर गेलेच. पण एक्स्पर्ट या अवघड पातळीवर ठोकळे दाट आले आणि त्याचा हात परत यायला वेळ लागायला लागला. तिथे मनगटच लागतं. दोन माणसांचे हात किती वेगळे असतात हे हा खेळ आकड्यांत दाखवतो, म्हणून तो मला आवडतो. गाण्यांचे गठ्ठे मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावे लागतात, आणि तो खर्च हळूहळू वाढत जातो. नाशिक ढोलाच्या ठेक्यावर कुणी ठोकळे रचले तर मी ते पहिल्या दिवशी घेईन.

‘सुपरहॉट व्हीआर’चा नियम एका ओळीचा आहे: तुम्ही हललात तरच काळ पुढे सरकतो. मान वळवली की गोळी चार बोटं पुढे येते, थिजून उभं राहिलं की हवेत थांबते. टेबलावरचा अ‍ॅशट्रे फेकून मारायचा, समोरच्याच्या हातून सुटलेलं पिस्तूल अधांतरी पकडायचं, कंबरेत वाकून गोळीला वाट द्यायची. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. २०२१ मध्ये निर्मात्यांनी त्यातले स्वतःलाच इजा करून घेण्याचे प्रसंग काढून टाकले आणि त्यावर बरीच ओरड झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. मॉनिटरवर ते एक बटण असतं. इथे पिस्तूल स्वतःच्या हाताने स्वतःच्या कपाळाशी न्यावं लागतं. हाताला खरं काम देणाऱ्या खेळाने हा विचार करायलाच हवा.

यंत्राबद्दल थोडं. दिराने अमेरिकेहून आणलेला मेटा कंपनीचा क्वेस्ट २ हेडसेट आधी वापरला, आता क्वेस्ट ३ आहे. वजन दोन्हींचं पाचशे ग्रॅमच्या आसपास, पण ३ ची भिंगं चपटी असल्यामुळे डबा तोंडाच्या जवळ बसतो आणि मान कमी ओढली जाते. त्याहून मोठा फरक डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराचा. भिंगं त्या अंतरावर आणायला क्वेस्ट २ ला तीनच खाचा होत्या: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. चष्म्याच्या दुकानात मोजलं तर माझं अंतर ६१ निघालं. म्हणजे कुठल्याच खाचेत मी नीट बसत नव्हते, आणि अर्ध्या तासात भुवयांच्या वर ठणकायला लागायचं. क्वेस्ट ३ ला चाक आहे, हवं तिथे आणून ठेवता येतं. ठणका गेला. हेडसेट बदलावा का असं कुणी विचारलं तर मी आधी हे अंतर मोजून घ्यायला सांगते.

घरात निदान साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा पाहिजे. आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये हॉलचा सोफा भिंतीला सरकवला की तेवढी निघते. डोक्यावर छताचा पंखा नको. हात वर गेला की पाती लागणार. भिंतीवरचा पंखा समोरून लावा, घामही कमी येतो आणि वाऱ्यामुळे आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही कळत राहतं. आणि हेडसेट खिडकीत, भिंगं वर करून कधीही ठेवू नका. भिंगातून आलेलं ऊन आतला पडदा जाळतं, आणि तो डाग परत जात नाही.

व्हीआर आवडत नाही असं म्हणणारे मला जे भेटतात, त्यातल्या बहुतेकांनी ते एखाद्या गेम झोनमध्येच पाहिलेलं असतं. कॉलेज रोडवरच्या एका झोनमध्ये भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही सगळे गेलो होतो. हेडसेटचा फोम आधीच्या माणसाच्या घामाने ओला होता, भिंगावर बोटांचे ठसे होते. पुसायला कपडा मागितला तर तिथल्या मुलाने स्वतःच्या शर्टाची बाही पुढे केली. बाहुल्यांचं अंतर, पट्टा, यातलं काहीही न बघता त्याने वहिनीला खुर्चीत बसवलं आणि रोलर कोस्टर सुरू केलं. डोळ्यांना वाटतं आपण दरीत कोसळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण बसलेलोच आहोत. या भांडणातून मळमळ होते. नवख्या माणसाला पहिल्यांदा दाखवायला याहून वाईट काही निवडता येणार नाही. हातांना काम शून्य आणि शरीराला छळ सगळा. वहिनीने त्यानंतर आमच्या घरचा हेडसेटसुद्धा कितीतरी दिवस डोक्याला लावला नाही. झोनवाल्यांनो, पहिल्या पाच मिनिटांत माणसाला स्वतःच्या पायावर उभं करून हातात काहीतरी द्या. ‘वॉकअबाउट मिनी गोल्फ’ लावा. जमीन स्थिर असते, चेंडू टोलवायचा असतो, कुणालाही जमतं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे फोम पुसा.

आता मॉनिटरकडे. ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आला आणि तो एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केला आहे: चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं. शेतीचा खेळ. माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे मी त्यात पहिल्यांदा काय लावलं असेल हे सांगायला नको. खेळातली द्राक्षं शरद ऋतूत लावायची, दहा दिवसांत येतात, मग दर तीन दिवसांनी तोडा. ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, तो संपला की वेल मरतो, पुढच्या वर्षी नव्याने लावा. वेल ताटीवर चढलेला असतो आणि त्यातून चालता येत नाही, म्हणून ओळी आखताना मधे वाट सोडावी लागते. हे मला फार आवडलं. बागेत ओळींमधलं अंतर चुकलं की पुढची सगळी कामं अडतात, ते खेळात उतरलं आहे.

बाकी बागेचं जे खरं दुखणं आहे ते मात्र त्यात नाही. एप्रिलची खरड छाटणी नाही, ऑक्टोबरची गोडी छाटणी नाही, घड विरळ करायचं थिनिंग नाही, घड बुडवणं नाही. डाऊनीचा रोग नाही, फवारणी नाही. तिथे पाऊस आला की त्या दिवशीचं पाणी घालायचं वाचतं, म्हणून मी सकाळी उठून खूश होते. मामांकडे फुलोऱ्यात पाऊस आला तर घरात कुणी जेवत नाही. हा खेळाचा दोष म्हणून सांगत नाही. दिवसभर आठ मायक्रॉनवरून वाद घालून आल्यावर मला अशीच एक जागा हवी असते, जिथे लावलेलं उगवतं. द्राक्षांची वाइन करायला ठेवली की आठवड्याभरात तयार होते आणि फळाच्या मूळ भावाच्या तिप्पट पैसे मिळतात. हा खेळ व्हीआरमध्ये आला तर मी घेणार नाही. तो खुर्चीत रेलून, एका हातात चहा घेऊन खेळायचा आहे.

‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ साठी मी जुनं स्टिअरिंग घेतलं आणि खेळाची जातच बदलली. कीबोर्डवर तो कंटाळवाणा आहे, हे नाकारत नाही. चाक हातात आलं की ट्रेलर मागे घेताना उलट्या बाजूला वळवायचं, थांबायचं, सोडायचं, हे सगळं तळव्यांना कळायला लागतं. नकाशा खऱ्याच्या साधारण एकोणिसाव्या भागाइतका, म्हणून एका देशातून दुसऱ्यात एका बैठकीत पोचता येतं. २०१२ चा खेळ, अजून त्यात नवे रस्ते येतात. द्वारका सर्कलच्या गर्दीतून घरी आल्यावर रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवण्याचं सुख वेगळंच.

‘राजी’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मधला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात त्रिशूळ, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वाडे आणि गड इतके मनापासून काढले आहेत की मी लढाई सोडून खांब आणि कमानी बघत उभी राहायचे. लढाई मात्र कच्ची आहे: कॅमेरा आपल्या हातात नाही, आणि गर्दीत राजी कुठे आहे तेच दिसेनासं होतं. तरी घ्या. आपल्या शेजारच्या शहरात हे होऊ शकतं, याचं मला मोल आहे.

शेवटचा खेळ घरात सगळ्यात जास्त चालतो: ‘इलेव्हन टेबल टेनिस’. आमच्या घरातले वडीलधारे अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, तरुणपणी टेबल टेनिस खेळायचे. त्या वेळी डाव एकवीस गुणांचा होता आणि चेंडू ३८ मिलिमीटरचा. २००० मध्ये चेंडू ४० चा झाला, पुढच्या वर्षी डाव अकरावर आला. “रंगात येईपर्यंत संपतो हा डाव,” ही त्यांची तक्रार अजून आहे. पण पहिल्याच सर्व्हिसला त्यांनी बॅट आतून फिरवली, चेंडू पलीकडे पडून उजवीकडे वळला, आणि ते थांबून म्हणाले, “स्पिन घेतोय की गं हा.” चेंडू लागला की कंट्रोलर बारीकसा थरथरतो, खेळात बॅटला जाणवणारं एवढंच, पण ते वेळेवर येतं आणि हाताला पुरतं. टेबल खऱ्या मापाचं आहे. डाव संपल्यावर अण्णांनी बॅट टेबलावर ठेवली, म्हणजे कंट्रोलर सोडून दिला, आणि तो फरशीवर आपटला. मग टेबलावर हात टेकवायला वाकले तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

आता ते यंत्राच्या खेळाडूची पातळी स्वतःच वाढवतात आणि बॅकहँडवर हरले की मला हाक मारून सांगतात. घरात कधीकाळी टेबल टेनिस खेळलेलं माणूस असेल तर ‘बीट सेबर’च्याही आधी हा घ्या. कंट्रोलरची दोरी मनगटात घातल्याशिवाय मात्र सर्व्हिस करू देऊ नका, आणि पहिले काही डाव कुणीतरी बाजूला उभं राहा.