निळा रंग नेमका कोणामुळे उतरला? इलेक्ट्रॉन वाहकांवरील एका प्रयोगसंचाचे परीक्षण

एनएडी, एनएडीपी, एफएडी ही पेशीतल्या इलेक्ट्रॉन वाहक रेणूंची नावे अकरावीची मुले पाठ करतात. पण इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो म्हणजे काय होते, हे फळ्यावरच्या बाणांतून फारसे उमगत नाही. म्हणून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयासाठी मी हा संच मागवला. त्यात मेथिलीन ब्ल्यू आणि डीसीपीआयपी (इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन होणारी दोन निळी रंगद्रव्ये), सुक्रोजयुक्त बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण), मलमल, परीक्षानळ्या आणि पुस्तिका मिळते. पालक आणि यीस्ट आपण आणायचे.

श्वसनाचा भाग उत्तम जमला आहे. कोमट पाण्यात साखर घालून फुलवलेल्या यीस्टमध्ये मेथिलीन ब्ल्यूचे दोन थेंब टाकले की थोड्या वेळाने नळी पांढुरकी होत जाते, कारण यीस्टने साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन हे रंगद्रव्य स्वतःकडे घेते. हवेला लागून असलेले निळे कडे तेवढे वर तसेच राहते. नळीचे तोंड बंद करून ती हलवली की सगळे द्रावण पुन्हा निळे! ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन काढून घेतले, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

प्रकाशसंश्लेषणाच्या भागाने मात्र निराशा केली. पानापासून वेगळी केलेली हरितलवके (प्रकाशसंश्लेषण करणारे पेशीतले हिरवे कण), कृत्रिम इलेक्ट्रॉनग्राही मिळाल्यास, उजेडात ऑक्सिजन सोडतात, हे रॉबर्ट हिल यांनी 1930च्या दशकात केंब्रिजमध्ये दाखवले. येथे तो ग्राही म्हणजे डीसीपीआयपी. एनएडीपीकडे निघालेले इलेक्ट्रॉन तो वाटेतच उचलतो. उजेडातल्या नळीचा निळा रंग गेला, पण अंधारासाठी फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, निळ्याच राहायला हव्या होत्या त्या नळीचाही गेला. पुस्तिका वाटलेला पालक मलमलीतून गाळून तोच रस वापरायला सांगते, आणि त्या रसात क जीवनसत्त्व असते, जे उजेडाशिवायही डीसीपीआयपीला इलेक्ट्रॉन देते. डीसीपीआयपी हे तर क जीवनसत्त्व मोजण्याचेच रसायन! दुसऱ्या दिवशी रस सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचे पाणी ओतून टाकून, तळाशी बसलेली हरितलवके थंड बफरमध्ये ढवळली, तेव्हा कुठे अंधारातली नळी निळी राहिली. ज्यांच्याकडे सेंट्रिफ्यूज नाही त्यांनी काय करावे, याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. यीस्टसाठी संच पुन्हा घेईन, पालकासाठी नाही.

शिवाय तंतुकणिकेच्या (पेशीतल्या श्वसनाच्या केंद्राच्या) आकृतीत इलेक्ट्रॉन साखळीच्या तोंडाशी एनएडीएचऐवजी (इलेक्ट्रॉन घेतलेल्या एनएडीऐवजी) एनएडीपीएच छापले आहे. वर्गात वाटण्यापूर्वी सहाही पुस्तिकांतला तो ‘पी’ मी पेनाने खोडला.