येऊरच्या साधना वसाहतीत दहा महिने

गुढीपाडव्यानंतर आठवड्याभरात दोन बॅगा घेऊन मी ठाण्यालगतच्या डोंगरावर, येऊरला राहायला आले. आम्ही चौदा जण आहोत, बहुतेक निवृत्त. पहाटे पाचला ध्यान, नऊपर्यंत मौन, स्वयंपाकाला पाळ्या, साडेसहाला रात्रीचं जेवण. ठाण्यातल्या ओळखीच्यांचे फोन येतात आणि सगळे आधी विचारतात, "शांत आहे ना?" त्याचं उत्तर देतेच, पण त्याआधी पावसाळ्याबद्दल सांगते. इथे कोण टिकणार आणि कोण परत जाणार, ते त्या चार महिन्यांत ठरतं. आमच्यातले दोघे जुलैतच उतरले.

मार्च-एप्रिलमध्ये येऊन जागा बघाल तर सगळं छान वाटेल. मेअखेरीस काजवे दिसले तेव्हा मीही घरी फोन करकरून सांगितलं. मग पाऊस लागला. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी येते, आडवा पाऊस खिडकीच्या फटीतून गादीपर्यंत पोचतो. वीज गेली की मोबाइलची रेंजही जाते. माझे गुडघे त्या दिवसांत फार दुखले. पण त्याच दिवसांत पहाटे ध्यानाला बसल्यावर ओढ्याकडून शीळकरी कस्तूर या पक्ष्याची शीळ यायची, अगदी माणूस रमतगमत शीळ घालत चाललाय अशी. तेवढ्यासाठी मी पुन्हा पावसाळा काढीन.

जमिनीवर अंथरूण घालायचा हट्ट मात्र कुणी करू नये. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक असतो की कळतही नाही. खाट हवी, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. खोलीतून बाहेर पडताना टॉर्च हातात हवा, अगदी नळापर्यंत जायचं असलं तरी.

अंधाराची सवय व्हायला मला तीन महिने लागले. येऊर ज्यात येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, आजूबाजूला शहर, त्यामुळे बिबट्या पाड्यांच्या कडेकडेने फिरतो. तो येतो कुत्र्यांच्या मागे आणि कुत्री येतात आपण टाकलेल्या अन्नाच्या मागे. म्हणून उष्टं-खरकटं उघड्यावर टाकायचं नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. पाड्यातल्या एका वारली आजींनी पहिल्याच आठवड्यात मला अंगणात तिन्हीसांजेला भांडी घासताना पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, अंधारात वाकून बसू नको. वाघाला तू बारकं जनावर दिसशील." त्या बिबट्याला वाघच म्हणतात, आणि वाघोबाला नारळही वाहतात. त्यांच्यात भीती आणि मान एकत्र नांदतात. मला ते कळायला वेळ लागला, पण कळल्यावर रात्री झोप लागायला लागली.

स्वयंपाकघर ही माझी सगळ्यात अवघड जागा. तीस-पस्तीस वर्षं स्वतःच्या ओट्यावर काम केलेल्या बाईला दुसऱ्याने डब्यांची जागा बदललेली सहन होत नाही. मेमध्ये एकीशी माझं कडाक्याचं वाजलं, दोन दिवस आम्ही बोललो नाही. जूनमध्ये आजींनी शेवळं ही रानभाजी आणून दिली तेव्हा आम्ही दोघीच चिरायला बसलो. शेवळं नीट साफ केली नाहीत आणि काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घातली नाहीत तर घसा खाजतो, हे तिला माहीत नव्हतं. मला डाळ घालून करायची तिची पद्धत माहीत नव्हती. त्या दिवसापासून आमची पाळी एकत्र असते. पुढे कुरडू, टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या आल्या. एवढं ताजं मी ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या घरी कधी खाल्लं नव्हतं.

आता शांततेचं. सोमवार ते शुक्रवार आहे. शनिवारी रात्री आसपासच्या बंगल्यांतले स्पीकर सुरू होतात आणि मला अतिशय संताप येतो. रानाला लागून हा धिंगाणा कशासाठी? पाड्यातली पोरं अभ्यासाला बसलेली असतात, झाडांवर घरटी असतात. आम्ही लेखी तक्रार केली आहे, अजून फरक नाही. केवळ ध्यानासाठी येणाऱ्याने हे धरूनच यावं.

येण्याजाण्याचा प्रश्न मोठा नाही. ठाणे स्टेशनहून टीएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस वर येते, उतरताना उपवन तलाव लागतो. आमचं फाटक साडेसातला बंद होतं, म्हणून मुलीकडे गेले की मी तिथेच मुक्काम करते. ज्यांना महिन्याला दोनदा डॉक्टरकडे जावं लागतं किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी इथे कायमचं राहू नये असं मला स्पष्ट वाटतं. बाकीच्यांनी आधी जुलैतले पंधरा दिवस राहून बघावं आणि मगच वर्षाचे पैसे भरावेत.

मी पुढच्या जूनपर्यंतचे भरले आहेत. नौपाड्यातल्या घराचं काय करायचं ते मुलगी आणि मी मार्चमध्ये बसून ठरवणार आहोत.