पोरांनीच चालवलेलं स्काउट पथक: नऊ महिन्यांनंतर एका आईचा अनुभव

जूनमध्ये लेकाला स्काउटला घातलं, आता मार्च संपत आला. तो सहावीत आहे. बीडमधल्या त्याच्या पथकाचा कारभार पोरंच बघतात, हे कळलं तेव्हा सरांना काम नको असेल असंच मला वाटलं होतं.

दर रविवारी सकाळी आठला सभा, दीड तासाची. शिट्टी नववीतला एक दादा वाजवतो. प्रार्थना, झेंडा, मग नखं, स्कार्फ, बुटाच्या नाड्या यांची तपासणी. सात-आठ पोरांचा एक संघ, त्याला एक संघनायक. असे तीन संघ. ही पद्धत जुनीच आहे. 1907 साली स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकाचा म्होरक्या पोरांतलाच नेमला होता.

पहिले दोन महिने मला पैसे पाण्यात गेले असं वाटलं. अर्धा वेळ भांडणात जायचा, गाठ शिकवणाराच गाठ विसरायचा आणि सर शांतपणे बघत बसायचे. मी एकदा मध्ये पडले तर संघनायक म्हणाला, "काकू, थांबा जरा, आमचं आम्ही बघायलो." राग आला, पण थांबले.

खरा कारभार चालतो मानसभेत. महिन्यातून एकदा संघनायक बसतात, कार्यक्रम ठरवतात, हिशोब बघतात, कुणाला समज द्यायची तेही तिथंच. नोंदवही असते. सर सगळ्यांत शेवटी बोलतात. आतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, त्यामुळं घरी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "आई, ते मानसभेतलं आहे."

डिसेंबरात मांजरसुंब्याजवळ एका शेतात दोन दिवसांचं शिबिर झालं. स्वयंपाकाला मदत म्हणून आम्ही दोन आया गेलो आणि दोन्ही दिवस बिनकामाच्या बसून राहिलो. बालाघाटावरचं वारं सुटलेलं, दगडाची चूल वाऱ्याच्या तोंडावर मांडलेली, सगळा धूर स्वयंपाक करणाऱ्यांच्या डोळ्यात. काडेपेटी एकच आणली होती, तीही दवानं ओली. चूल पेटायला पाऊण तास गेला. खिचडी खाली करपली, वर तांदूळ कच्चा. माझा हात कितीदा पळीकडं गेला असेल! सरांनी मान हलवून नको म्हटलं. ती खिचडी पोरांनी लोणच्यासोबत खाल्ली, मीही खाल्ली. रात्री शेकोटीजवळ "पाणी कुणी मोजलं होतं?" यावर वीस मिनिटं खल झाला. आमचा लेक मान खाली घालून बसला होता, त्यावरून उत्तर मला कळलं.

सर बोलतच नाहीत असं नाही. शेतातल्या विहिरीकडं मोठ्या माणसाशिवाय कुणी जायचं नाही, झोपण्याआधी शेकोटी सरांसमोर विझवायची, डांबरी रस्ता एकट्यानं ओलांडायचा नाही. या तीन गोष्टींत पोरांचं मत विचारलं जात नाही. हे बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

फेब्रुवारीतल्या शिबिरात चूल बांधाच्या आडोशाला होती. खिचडी जमली, पण मीठ जरा जास्तच पडलं होतं.

तक्रारीही आहेत. एक संघनायक नुसता हुकूम सोडतो, त्याच्या संघातली दोन पोरं गळाली, आणि मानसभेला हे दिसायला फार वेळ लागला. मोठी पोरं दहावीच्या नावाखाली दिवाळीनंतर गायब होतात, मग तेरा वर्षांच्या पोरावर सगळा भार. निरोप आदल्या रात्री दहाला येतो. घाईचं घर असेल तर हे पथक झेपणार नाही. रांगेत उभं राहायची शिस्त तेवढी लावून हवी असेल, तर कराटेला घाला.

बाकी आमच्या घरी काय बदललं म्हणाल, तर पिशवी तो स्वतः भरतो आणि तिच्यात दोन काडेपेट्या असतात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या.

तंबू फाटलाय, तो शिवायला पैसे हवेत म्हणून मानसभेनं रद्दी गोळा करायचं ठरवलं. परवा संघनायक काटा घेऊन दारात आला. मी 11 किलो आहे म्हणून सांगितलं. त्यानं पुन्हा तोलली, वहीत साडेदहा लिहिलं आणि माझी सही घेतली.